पिना मारलेली दोन पानं: किशोरांच्या कादंबरीत जवळिकीचे प्रसंग असावेत का?

पुस्तकवाली मावशी (धागा सुरू केला)

रविवारी पुस्तकं परत घेताना एक कादंबरी हातात आली आणि मधली दोन पानं उघडेचनात. बघते तर स्टेपलरने पिना मारलेल्या, वर एक, खाली एक. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं तर आणखी गंमत. पिनांच्या शेजारीच जुन्या पिनांची भोकं! म्हणजे कोणीतरी पिना मारल्या, कोणीतरी त्या उचकटून वाचलं, आणि पुन्हा कोणीतरी मारल्या. पुस्तकाची कड पाहिली तर नेमकी तेवढीच पानं बोटांनी काळी झालेली. बाकी पुस्तक जवळजवळ कोरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रामबागेत आमच्या ओसरीवर मी रविवारी सकाळी मुलांचं वाचन घेते. एक लोखंडी कपाट, तीनेकशे पुस्तकं, बारा ते सतरा वयाची वीसेक मुलं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी अशी आपली इंदूरची मुलं. निम्मी पोहे-जिलेबीसाठी येतात हे मला ठाऊक आहे, आणि माझी त्याला हरकत नाही. पुण्याहून कोणी येणार असलं की मी पिशवीभर पुस्तकं मागवते. ही कादंबरी अशीच आलेली, भाषांतरित. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा त्या एका पुस्तकावर जाईल. त्या दोन पानांत काय आहे तेही आत्ता सांगत नाही.

प्रश्न असा: पंधरा-सतराच्या वाचकांसाठी लिहिलेल्या गोष्टीत दोन माणसं शरीराने जवळ येण्याचा प्रसंग असावा का?

माझं मत, असावा. आपल्याकडे 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, त्यावर आपल्या दोन पिढ्या वाढल्या. फास्टर फेणे आहे. पण आठवी-नववीनंतर मूल जे उडी मारतं ते थेट मोठ्यांच्या कादंबरीत. मधला कप्पा रिकामा. नेमक्या ज्या वयात अंगात आणि डोक्यात उलथापालथ चालू असते, त्या वयाला मराठी गोष्ट म्हणते, 'तू जरा बाहेर खेळ.' मग मूल बाहेरच जातं. बाहेर म्हणजे कुठे, ते फोन हातात असलेल्या कुठल्याही आईबापाला विचारा.

भांडा आता. पण नीट भांडा.

---

निवृत्त मास्तर

ताई, तुमच्या उपक्रमाबद्दल आदर आहे, माझी नात तुमच्याकडे येऊन गेली आहे. पण मी विरोधात आहे, आणि कारण 'संस्कृती' वगैरे नाही, त्यामुळे ती काठी माझ्यावर उगारू नये.

पहिलं म्हणजे, असे प्रसंग गोष्टीच्या गरजेपोटी येतात हे मला पटत नाही. पुष्कळदा ते कोणीतरी 'आजच्या पिढीचं' म्हणून मागवलेले असतात. प्रसंग काढून टाका आणि पुढचं वाचा. गोष्ट कुठेही अडखळत नसेल तर तो प्रसंग गोष्टीचा नव्हताच.

दुसरं, मुलांच्या कल्पनेला थोडी जागा द्या हो. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ साली आली. नववीतल्या मुलाचं प्रेम, आणीबाणीचा काळ. त्यात तुम्ही म्हणता तसलं काही आहे का? नाही. तरी ते पुस्तक वाचून पंधरा वर्षांच्या मुलापासून साठीच्या माणसापर्यंत सगळ्यांच्या पोटात खड्डा पडतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. सुमी नुसती शेजारून चालली तरी त्या पोराचं काय होतं ते वाचा. एवढ्यावर मराठीत हे जमलेलं आहे, तर आणखी दार उघडायचं कशासाठी?

तिसरं थोडं कडू आहे. तुमच्या कपाटाला कप्पा एकच. बारा वर्षांचं मूल आणि सतराचं मूल एकाच कुलुपामागचं पुस्तक नेतं. पालकांनी तुमच्या भरवशावर पाठवलं. त्यांना आधी सांगितलं होतं का?

---

सेव-परमल

मास्तर, मुद्दा तीन पे मावशी फँस गई. 😄 बाकी दोन पानं काळी आणि पुस्तक कोरं, यातच सगळं आलं भिया. पुस्तक वाचलंच नाही कोणी, पानंच वाचली.

---

खंडवा रोड

नमस्कार. मी एकोणीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत शिकते, मावशींच्या ओसरीवरची जुनी गिऱ्हाईक (पोह्यांसाठीच यायचे, कबूल).

सर, 'शाळा' मलाही खूप आवडते. पण ती सगळी मुकुंदा सांगतो. शिरोडकर त्याला कशी दिसली ते कळतं, तिला आतून काय वाटलं ते त्याला जितकं कळलं तितकंच आपल्याला. लंपनचंही तेच. मी चौदा-पंधराची असताना ही पुस्तकं वाचली तेव्हा मी मुलाच्या डोळ्यांनी मुलीकडे बघायला शिकले. माझ्या बाजूने कोणी लिहिलेलं मला मिळालं नाही. असेलही कुठे, आमच्या कपाटात नव्हतं.

मग मी काय वाचलं? फोनवर. हिंदीत मालिकेसारख्या चालणाऱ्या कथा असतात, रोज रात्री एक भाग. नायक श्रीमंत आणि चिडका. तो तिचं मनगट पकडतो, भिंतीशी उभी करतो, ती 'छोड़ो' म्हणते, तो हसतो, भाग संपतो. दोनेकशे भागांनी लग्न. सर, त्यात तुम्ही ज्याला प्रसंग म्हणता तसं काहीच नव्हतं. सगळं 'स्वच्छ'. माझ्या आईने चाळलं असतं तर तिलाही हरकत घ्यायला जागा सापडली नसती.

बारावीत कोचिंगच्या जिन्यात एका मुलाने माझं मनगट अगदी तसंच पकडलं. मी हात सोडवून घेतला, खाली आले, स्कूटी काढली, पुढे काही झालं नाही. पण पहिले दोन-तीन सेकंद माझ्या डोक्यात काय आलं माहितीये? 'हे असंच असतं.' ते कुठून आलं हे मला घरी पोचल्यावर कळलं, आणि त्या रात्री मी ते ॲप काढून टाकलं.

तर माझा प्रश्न प्रसंग असावा की नसावा हा नाहीच. नको म्हटल्यावर गोष्टीत काय होतं, हा आहे.

---

निवृत्त मास्तर

बाळ, तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. जिन्यातला प्रसंग घरी सांगितलास ना? नसशील तर सांग.

आता वाद. तू जे म्हणतेस ते माझ्या बाजूचंच नाही का? 'नको'ला मान द्यायला मनगटापाशीच शिकवता येतं. मनगट पकडलं, तिने नको म्हटलं, त्याने सोडलं. झाली गोष्ट. त्याच्या पुढच्या खोलीत जायची गरजच पडली नाही.

---

खंडवा रोड

सांगितलं सर, आईला. 🙂

पण मनगटापाशी नको म्हणणं सोपं आहे. तिथे मुलगी चिडलेली असते, मुलगा वाईट असतो, वाचणाऱ्याला बाजू माहीत असते. अवघड कुठे असतं? जिथे मुलगा चांगला आहे, आवडतो, ती स्वतःहून गेलेली आहे, आणि मध्येच तिला वाटतं, आत्ता नको. तिथे काय बोलायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. कारण तिथपर्यंत गोष्ट पोचायच्या आधीच लेखक दिवा मालवतो.

---

काळा कोट

कायद्याच्या चार गोष्टी, कारण त्यांशिवाय ही चर्चा हवेत राहील. जिल्हा न्यायालयात उभा राहतो, त्यामुळे थोडं रूक्ष वाटेल.

अश्लील साहित्याबद्दल जुन्या दंड संहितेत २९२ कलम होतं, आणि २९३ हे वीस वर्षांखालच्यांना ते विकण्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिथे ही कलमं २९४ आणि २९५. वीस वर्षांच्या जागी आता 'बालक' हा शब्द आहे, म्हणजे अठराखालचा. साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी असलेल्या पुस्तकाला सूट पूर्वीही होती, आताही आहे.

आता मराठी माणसाने माहीत ठेवावा असा खटला. १९६२ च्या दिवाळीत 'रंभा'च्या अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. त्या निकालात किशोरवयीन वाचकांचा थेट विचार आहे. लैंगिक गोष्टीचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरांना वर्ज्य ठरवली, तर त्यांना एकही कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकं तेवढी वाचावी लागतील, अशा अर्थाचं न्यायालय म्हणालं. तेव्हा आपल्याकडे कसोटी चालत होती ती १८६८ च्या इंग्लंडमधल्या हिकलिन खटल्याची: ज्याचं मन अशा गोष्टींना चटकन बळी पडेल त्याच्यावर काय परिणाम होईल ते बघा. म्हणजे सगळ्यांचं पुस्तक सगळ्यांत कच्च्या वाचकाच्या मापाने मोजायचं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी बाजूला ठेवली आणि त्या काळच्या समाजाची सर्वसाधारण धारणा बघायला सांगितलं.

इथपर्यंत मावशींना आनंद झाला असेल. आता पुढचं. वाचकाचं वय ही एक गोष्ट, पात्राचं वय ही दुसरी, आणि लोक इथे गल्लत करतात. २०१२ च्या पॉक्सोखाली, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणाऱ्या कायद्याखाली, अठराखालची व्यक्ती बालक, तिची संमती कायदा मानत नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ ब कलम चित्राफितींपुरतं नाही. इलेक्ट्रॉनिक रूपातल्या मजकुरात, नुसत्या शब्दांत, बालकाचं अश्लील चित्रण केलं तरी ते लागतं. साहित्याला सूट तिथेही आहे. पण माझ्याकडे कोणी लेखक सल्ला मागायला आला तर मी एकच सांगेन: पात्रं अठराखालची असतील तर दार बंद. काय झालं, त्याचं त्या मुलीला पुढे काय वाटलं, घरी काय झालं, पोलीस कसे वागले, सगळं लिही. दाराच्या आतलं वर्णन करू नकोस. आणि हे मी फक्त वकील म्हणून म्हणत नाही.

---

सेव-परमल

'निव्वळ धार्मिक पुस्तकं' वाचून हसू आलं. मास्तर, तुम्ही संस्कृत शिकवायचे ना? कुमारसंभवाचा आठवा सर्ग? कालिदास आपले शेजारी, उज्जैन तासाभरावर.

---

निवृत्त मास्तर

वाटच बघत होतो, हे कधी निघतंय. अभ्यासक्रमाला पाचवा सर्ग असायचा, पार्वतीची तपश्चर्या. आठवा मी वर्गात कधीही उघडला नाही. खोटं कशाला बोलू, एका वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा तासानंतर आला आणि आठव्या सर्गातल्या एका श्लोकाचा अन्वय लावून द्या म्हणाला. वर्षभरात त्याने अन्वयाबद्दल विचारलेला तो एकमेव प्रश्न! मी त्याला म्हटलं, स्वतः लाव. त्याने लावला. बरोबर लावला होता.

पण यावरून माझं मत बदलत नाही. त्या पोराला तिथपर्यंत पोचायला व्याकरणाचा डोंगर चढावा लागला. शंकर-पार्वतीचा विवाह आधी सात सर्गांत होऊन गेलेला. आजच्या पुस्तकात तोच प्रसंग तिसऱ्या पानावर येतो.

---

दोन भाषांची हमाली

मी भाषांतरं करते, त्यामुळे माझा प्रश्न वेगळाच. असावा-नसावा बाजूला ठेवा, लिहायचा कोणत्या शब्दांत?

मराठीत एका बाजूला 'समागम', 'संभोग', 'शरीरसंबंध'. एक शास्त्राच्या पुस्तकातला, एक कोर्टातला, एक बातमीतला. दुसऱ्या बाजूला शिव्या. मधे काही नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी घालता येईल असा साधा, न लाजलेला आणि न किळसवाणा शब्द शोधून दाखवा. मग आम्ही काय करतो? पाऊस पाडतो. वीज चमकवतो. समईची वात फडफडवतो. एका पुस्तकात मूळ लेखिकेने तीन साध्या वाक्यांत लिहिलं होतं ते, आणि माझ्या पहिल्या खर्ड्यात तिथे चंद्र आला होता. मूळ पुस्तकात चंद्राचा पत्ता नव्हता! संपादकबाईंनी समासात फक्त प्रश्नचिन्ह काढून पाठवलं.

अमेरिकेत ज्युडी ब्लूम यांनी १९७५ मध्ये 'फॉरएव्हर' लिहिली. ती तिथल्या शाळांच्या ग्रंथालयांतून हटवा म्हणून वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या. पण निदान तिथे भांडण पुस्तकावर झालं. आपल्याकडे भांडायला पुस्तक तरी कुठाय? शब्दच नाहीत तर प्रसंग कुठून येणार.

मास्तर म्हणतात तसं सूचकतेने भागतं, मान्य. पण सूचकता ही निवड असावी लागते. दुसरं काही येतच नाही म्हणून केलेल्या सूचकतेला मी कला म्हणणार नाही.

---

खंडवा रोड

ताई, हे वाचून मला काहीतरी कळलं. इंदूरच्या मुलीला ते शब्द मराठीत मिळालेच तरी ती वापरेल का? मराठी ही माझी आजीशी बोलायची भाषा. मैत्रिणींशी हिंदी. भांडते हिंदीत, प्रेमातही पडले तर हिंदीतच पडेन. मराठीत असा प्रसंग वाचायला घेतला की मला वाटतं आजी खोलीत येऊन बसली, हातात कोथिंबीर निवडायला घेऊन.

पुण्याच्या मुलींचं असं होत नसेल कदाचित. त्यांना शिव्याही मराठीत येतात.

---

दोन भाषांची हमाली

कोथिंबीर! हे मी कुठेतरी वापरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

---

तिसरी गल्ली

मुलाचा बाप बोलतोय, कारण इथे सगळे मुलींबद्दल बोलून राहिले आहेत. माझा मुलगा सोळाचा. त्याच्या फोनवर काय बघितलं जातं हे मला माहीत पडलं त्या दिवशी मी फोन काढून घेतला, दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही, तिसऱ्या दिवशी क्लासच्या नोट्स येत नाहीत म्हणून परत दिला. बस, एवढंच केलं मी. शाळेत यावर कोणी बोलत नाही. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला होता, तेव्हा मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात सगळ्यांनी 'आमच्याकडे नको' म्हणून हात वर केले. मी तेव्हा कॉलेज संपवून नोकरीला लागलो होतो, मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

त्याने फोनवर बघितलं त्यात माणसंच नव्हती हो. नावं नाहीत, बोलणं नाही, कोणी लाजत नाही, कोणी घाबरत नाही. कादंबरीत निदान माणसं तरी असतात.

---

जुना अंक

र. धों. कर्वे कोणालाच आठवू नयेत? लैंगिक शिक्षणासाठी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, १९२७ ते १९५३, एकट्याच्या बळावर. खटले भरले गेले. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. तरी दंड झालाच. नव्वद वर्षांनी आपण अजून स्टेपलर घेऊन बसलोय.

---

काळा कोट

कर्व्यांबद्दल आदर आहेच, पण ते प्रौढांना माहिती देत होते. इथे वाद किशोरांच्या गोष्टीचा आहे. प्रत्येक वादात कर्व्यांना साक्षीला बोलावलं की त्यांचंही वजन कमी होतं.

---

नाव नको

हा धागा माझ्या नणंदेने पाठवला. दोन तास विचार केला लिहावं का. पिना मी मारल्या.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तुम्ही सगळे पंधरा, सतरा, एकोणीस करताय. तेरा. अजून ती रात्री आमच्या खोलीचं दार उघडं ठेवायला सांगते. पुस्तकाच्या कव्हरवर सायकल होती. तिने विचारलं, आई, हा शब्द काय आहे, आणि मी ते पान बघितलं. पहिल्या चार ओळी वाचल्या. एक खोली, एक मुलगा, एक मुलगी, दाराला कडी. पुढे वाचलं नाही. ड्रॉवरमधून स्टेपलर काढला. पुस्तक परत करता आलं असतं, पण तिला गोष्ट अर्ध्यावर सोडायची नव्हती, आणि मला तिच्याशी ते बोलायचं नव्हतं. त्या रात्री तरी नाही. घरात पाहुणे होते, सकाळचा डबा होता.

मी मागास नाही. मी नोकरी करते, मुलीला पाळीबद्दल सगळं मीच सांगितलं. पण कधी सांगायचं हे मी ठरवणार की तुमचं कपाट? मास्तरांनी तिसरा मुद्दा लिहिला त्याचं उत्तर मावशींनी अजून दिलेलं नाही. मी वाट बघतेय.

आणि एक. मी पिना एकदाच मारल्या. चांदीच्या रंगाच्या. दुसऱ्यांदा कोणी मारल्या मला माहीत नाही.

---

पुस्तकवाली मावशी

तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. आधी मास्तरांच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर. नाही, पालकांना सांगितलं नव्हतं. सायकल बघून मीच ते खालच्या फळीवर ठेवलं होतं. खालची फळी म्हणजे लहानांची. ही माझी चूक, पदराआड लपवत नाही. काल वरची फळी रिकामी केली, ती आता पंधराच्या पुढच्यांची. त्या फळीवरचं पुस्तक नेताना घरच्या कोणाला तरी माहीत असलं पाहिजे. सही वगैरे नको, नुसतं माहीत असू दे. कोणी म्हणेल मग मुलं नेणारच नाहीत. बघू.

तेराच्या मुलीच्या आईने पिना मारल्या म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. दिवसभर दमून आल्यावर रात्री दहा वाजता असा प्रश्न आला असता तर मीही कदाचित 'झोप आता' म्हटलं असतं.

आता त्या दोन पानांत काय आहे ते सांगते, कारण तुम्ही चार ओळींवर थांबलात. मी पिना काढून पुन्हा वाचलं. दोघंही कॉलेजात, अठरा पूर्ण (वकीलसाहेब, निश्चिंत असा). मित्राची खोली, दाराला कडी. जवळ बसतात. एवढं पहिल्या पानावर. मग दुसऱ्या पानावर ती म्हणते, 'थांब.' तो थांबतो. विचारतो, काही चुकलं का. ती म्हणते चुकलं नाही, आत्ता नको. तो म्हणतो बरं. त्याला काय बोलावं सुचत नाही, तो उठून पंख्याचं बटण उगाच दोनदा खालीवर करतो. मग दोघांना हसू येतं आणि खाली टपरीवर चहा प्यायला जातात. संपलं. एवढंच आहे पिनांच्या आत.

मास्तर, तुमची कसोटी लावून बघितली. ती पानं सोडून पुढे वाचलं. चाळीस पानांनंतर तिची मैत्रीण तिला विचारते, तू त्याच्याशी लग्न का करतेयस, आणि ती म्हणते, 'तो थांबला होता.' पानांना पिना मारल्या तर त्या वाक्याला अर्थच राहत नाही. वाचणाऱ्याला वाटेल, कुठे थांबला होता, बसस्टॉपवर?

---

खंडवा रोड

मावशी. हे पुस्तक मी अकरावीत असताना कुठे होतं?

---

पुस्तकवाली मावशी

तेव्हा मी ते घेतलं नव्हतं. पुण्याच्या दुकानात हातात घेऊन चाळलं होतं, आणि परत ठेवलं होतं.

---

नाव नको

वाचलं. तेरा वर्षांच्या मुलीला मी ते तरीही देणार नाही, मावशी. दोन-तीन वर्षांनी देईन, तेव्हा शेजारी बसून देईन किंवा बाहेर जाऊन देईन, माहीत नाही. पण पुढच्या चार ओळी मी वाचायला हव्या होत्या हे खरं.

---

निवृत्त मास्तर

मी विरोधात होतो, आणि एका पुस्तकावरून सगळ्यांचा न्याय करणार नाही. एक लेखिका हे दोन पानांत संयमाने करते म्हणून दहा जण तिच्या नावावर काय काय खपवतील ते मला दिसतंय. भाषांतरवाल्या ताईंचा चंद्र मला अजून आवडतो.

पण 'तो थांबला होता' हे वाक्य त्या प्रसंगाशिवाय उभं राहत नाही, एवढं मला मान्य करावं लागेल. कसोटी मीच दिली होती. संस्कृतात याला...जाऊ दे.

---

सेव-परमल

सब ठीक है, लेकिन दुसऱ्या पिना कोणी मारल्या? मावशींकडे रजिस्टर आहे. नाव सांगा.

---

पुस्तकवाली मावशी

रजिस्टर बघितलं. त्यांच्यानंतर तिघांकडे गेलं पुस्तक. दुसऱ्या पिना तांब्याच्या रंगाच्या आहेत. रविवारी कोणाकडे तसला स्टेपलर आहे हे मी विचारणार नाही, नाव तर सांगणारच नाही. एवढंच सांगते, तिघांपैकी एक जण पन्नाशीच्या पुढचे आहेत, नातवाच्या नावावर पुस्तकं नेतात.

---

निवृत्त मास्तर

माझ्याकडे स्टेपलरच नाही, मी दाभण आणि दोरा वापरतो, हे आधीच नोंदवून ठेवतो.

ताई, पुस्तक आहे का जागेवर? माझा नंबर लावा.

---

पुस्तकवाली मावशी

तुमच्या आधी चार जण आहेत, सर. कालपासून.